शिवपूरची वनस्पतिबाग

बाग म्हटली म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें फुलांचे ताटवे, कारंजीं, हिरवळ आणि संध्याकाळची मोकळी हवा एवढेंच येतें. वनस्पतिबाग दिसावयास तशीच असली तरी तिचा हेतु निराळा असतो. अमुक झाड कोठून आलें, केव्हां लावलें, त्याचें कुल कोणतें आणि त्याचा उपयोग काय, याची तेथें नोंद असते. ही नोंद नसेल तर झाडें कितीहि सुंदर असलीं तरी त्या जागेस वनस्पतिबाग म्हणतां येणार नाहीं.

भारतांतील अशा बागांपैकीं अत्यंत जुनी व विस्तीर्ण बाग हावड्याच्या रेल्वे-स्थानकापासून सुमारें आठ किलोमीटर दक्षिणेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, शिवपूर येथें आहे. बंगाली लोक या गांवाचा उच्चार ‘शिबपूर’ असा करतात. बागेचें क्षेत्रफळ २७३ एकर असून २००९ सालापासून तिला आचार्य जगदीशचंद्र बसु यांचें नांव देण्यांत आलें आहे. परंतु बंगालच्या जुन्या पिढ्यांच्या तोंडीं ती ‘कंपनी-बागान’ या नांवानेंच राहिली. येथें येणारा प्रवासी बहुधा सरळ तेथील प्रचंड वड गांठतो, त्याला एक फेरी घालतो, सावलींत बसून बरोबर आणलेला फराळ करतो आणि परत फिरतो. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ही बाग कां लावली गेली, किती वेळां उद्ध्वस्त झाली आणि तरीहि कशामुळें टिकली, हें ज्याला ठाऊक असेल, त्याला तीच फेरी घालतांना कांहीं निराळेंच दिसूं लागतें.

बागेचा आरंभ सौंदर्याच्या आवडींतून झाला नाहीं. तो दुष्काळांतून झाला. १७६९-७० सालीं बंगालमध्यें जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत प्रांताची सुमारें एक तृतीयांश वस्ती नाश पावली, असा त्या काळच्या कंपनीच्या अधिकाऱ्यांचाच अंदाज होता. लोक अन्नावांचून मरत असतांहि ईस्ट इंडिया कंपनीनें सारावसुलींत फारशी सूट दिली नाहीं. पुढें १७८६ सालीं कंपनीच्या लष्करी खात्यांतील लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड यानें सरकारास एक पत्र लिहून सुचविलें कीं, पाऊस न पडला तरी ज्यांच्यापासून अन्न मिळेल अशीं झाडें बाहेरून आणून या देशांत लावावीं. मलायाकडील साबूचा ताड आणि इराणकडील खजूर हीं दोन झाडें त्याच्या मनांत प्रामुख्यानें होतीं. महाराष्ट्रांत घरोघरीं उपवासाला लागणारा साबूदाणा आज टॅपिओकाच्या कंदापासून करतात. परंतु साबू हें नांव मूळचें या ताडाचें, आणि त्याच्या खोडांतील पिठूळ गाभा पूर्वेकडील बेटांतील लोकांचें रोजचें अन्न होय.

किडच्या सूचनेंत भूतदया होती, तसा व्यापारहि होता. डच लोकांच्या हातीं असलेले मसाल्याचे पदार्थ बंगालमध्यें पिकवितां आले तर कंपनीला लाभ होईल, आणि जहाजबांधणीसाठीं सागवान हाताशीं लावतां येईल, हे विचारहि त्याबरोबरच मांडले गेले. कंपनीच्या संचालकांनीं १७८७ सालीं योजनेस संमति दिली, ती या दोन्ही गोष्टी तोलूनच. भुकेल्यास अन्न आणि धन्यास नफा, असे दोन हेतु बागेच्या पायांत एकत्र घातले गेले. आणि पुढील दीडशें वर्षांचा तिचा इतिहास वाचतांना हे दोन्ही धागे सारखे दिसत राहतात.

यांपैकीं पहिला हेतु जवळजवळ विफलच झाला. साबूच्या ताडाला बंगालचा हिंवाळा मानवला नाहीं. खजुराला फळ धरून पिकण्याच्या वेळेस कोरडी हवा लागते, आणि बंगालमध्यें नेमका त्याच वेळीं पाऊस कोसळतो. जायफळ, लवंग इत्यादि विषुववृत्ताजवळील झाडेंहि रुजलीं नाहींत. सागवान उगवलें, पण दक्षिण बंगालच्या गाळाच्या जमिनींत त्याचे सोट चांगले निपजेनात. हा सर्व खर्च व्यर्थ गेला असें कोणास वाटेल. परंतु बागेचे पुढील काळांतील विख्यात अधीक्षक सर जॉर्ज किंग यांचें मत असें होतें कीं, अमुक झाड या प्रांतांत होणार नाहीं हें प्रत्यक्ष लावून सिद्ध करणें हेंहि बागेचें मोठेंच कार्य होय. कारण त्यामुळें पुढील लोकांचा व्यर्थ जाणारा पैसा वांचला.

जें साधलें तेंहि थोडें नव्हतें. वेस्ट इंडीजमधील महोगनीचीं रोपें येथें १७९५ सालीं आलीं, आणि तीं इतकीं मानवलीं कीं आज बंगालमध्यें महोगनी परकी वाटत नाहीं. १८३५ सालीं चीनमधून आणलेल्या चहाच्या बियांपासून कलकत्त्यास सुमारें ४२ हजार रोपें तयार करण्यांत आलीं व तीं आसाम, हिमालयाचा पायथा आणि दक्षिण हिंदुस्थान येथें पाठविण्यांत आलीं. यांत गंमत अशी कीं, आसामच्या रानांत मूळचीच असलेली चहाची जाति तेथील हवेंत या परदेशी रोपांपेक्षां सरस ठरली. सिंकोना झाडाच्या सालीची कथा याहून उपयुक्त आहे. तिच्यापासून निघणारें क्विनाइन हें हिंवतापावरील औषध. १८६० नंतर बागेचे अधीक्षक थॉमस अँडरसन यांनीं दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड आरंभिली, आणि किंग यांच्या देखरेखीखालीं तेथें क्विनाइन स्वस्तांत तयार होऊं लागलें. १८९२ पासून बंगालमधील टपाल-कचेऱ्यांतून त्याची एकेक पुडी एका पैशास मिळूं लागली. दुष्काळांत अन्न देण्याचा किडचा संकल्प सिद्धीस गेला नाहीं. परंतु गरिबाच्या झोंपडींत पोंचणारी एक वस्तु अखेर या बागेच्या हातून घडली.

किड १७९३ सालीं वारला. त्याच्या वेळीं बागेंत सुमारें तीनशें जातींचीं झाडें होतीं. त्याच वर्षीं मद्रास इलाख्यांतून विल्यम रॉक्सबर्ग हे शस्त्रवैद्य अधीक्षक म्हणून आले, आणि एका अर्थानें शास्त्रीय बागेचा जन्म तेव्हांच झाला. रॉक्सबर्ग यांनीं वीस वर्षांत बागेंतील जातींची संख्या सुमारें साडेतीन हजारांवर नेली. पण संख्येपेक्षां महत्त्वाचें कार्य म्हणजे त्यांनीं या देशाच्या वनस्पतींचीं वर्णनें पद्धतशीर लिहून काढलीं. सह्याद्रींतील शिसव, खानदेशाच्या टेंकड्यांवरील सालई आणि रात्रींच्या अंधारांत पांढऱ्या सालीमुळें भुतासारखा उभा दिसणारा कांडोळ, या तिन्ही झाडांच्या शास्त्रीय नांवांपुढें आजहि रॉक्सबर्ग यांच्या नांवाचें संक्षिप्त रूप छापलेलें असतें. कारण त्या नांवांनीं त्यांचें शास्त्रीय वर्णन प्रथम त्यांनींच केलें.

या वर्णनांबरोबर रंगीत चित्रेंहि होतीं. त्यांची संख्या अडीच हजारांहून अधिक असून तीं सारीं हिंदी चित्रकारांनीं काढलेलीं आहेत. फूल उमलल्या दिवशींच त्याचें चित्र व्हावें, पाकळी, केसर, बीज हीं वेगवेगळीं उकलून दाखवावीं, पानाची शीर न् शीर मोजून घ्यावी, असें हें काम होतें. तें करणाऱ्या बहुतेकांचीं नांवें त्या कागदांवर नाहींत. पुढील काळांतील विष्णुप्रसाद आणि गोराचांद या दोघांचीं नांवें त्यांच्या छापील चित्रांमुळें टिकलीं; बाकीचे आपल्या रेषांतच विरून गेले. पुण्याजवळील दापोडीच्या बागेचीहि गोष्ट अशीच आहे. मुंबई सरकारची ती वनस्पतिबाग १८२८ सालीं सुरू झाली व १८६५ च्या सुमारास मोडली. तेथील झाडांचीं एका एतद्देशीय चित्रकारानें काढलेलीं सुंदर चित्रें आज एडिंबरो येथें जपून ठेवलेलीं आहेत. चित्रकाराचें नांव मात्र मागें राहिलें नाहीं.

रॉक्सबर्ग यांच्या कार्याशीं मराठी वाचकांचें आणखी एका वाटेनें नातें जुळतें. १८१३ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें ते हा देश सोडून गेले आणि १८१५ सालीं एडिंबरो येथें वारले. त्यांचें बहुतेक लेखन तोंवर अप्रसिद्धच होतें. बागेंतील झाडांची सूची १८१४ सालीं आणि ‘फ्लोरा इंडिका’ हा मोठा ग्रंथ १८२० ते १८३२ या काळांत श्रीरामपूरच्या छापखान्यांतून बाहेर पडला, तो विल्यम केरी यांच्या खटपटीनें. हे केरी म्हणजे ज्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण आणि १८१० सालीं पंडित वैद्यनाथ यांच्या साहाय्यानें मराठी कोश छापला तेच. ज्या गृहस्थानें मराठी शब्द गोळा केले त्यानेंच झाडांचीं नांवेंहि छापून काढावीं, हा योगायोग मोठा बोलका आहे. रॉक्सबर्ग यांनीं आपल्या या मित्राचें नांव एका वृक्षाच्या प्रजातीला दिलें. तो वृक्ष म्हणजे कोंकणच्या व घाटाच्या रानांत सर्वत्र आढळणारा कुंभा.

यानंतर बागेवर जे आघात झाले ते ऐकले म्हणजे ती अजून आहे याचेंच नवल वाटतें. पहिला आघात झाडांवर नव्हे, नोंदींवर झाला. नाथानिएल वॉलिक हे डेन्मार्कचे शस्त्रवैद्य १८१७ पासून जवळजवळ तीस वर्षें अधीक्षक होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेपाळ, ब्रह्मदेश, सिंगापूर इतक्या दूरवरच्या वनस्पति वाळवून जमविल्या होत्या. हा सर्व संग्रह ते १८२८ सालीं लंडनला घेऊन गेले, आणि तो तेथून युरोपांतील निरनिराळ्या संस्थांना वांटण्यांत आला. त्यामुळें जगाला हिंदुस्थानच्या वनस्पतींची ओळख झाली हें खरें. परंतु ज्या बागेंत तो जमला तिचें कपाट रिकामें झालें हेंहि तितकेंच खरें.

दुसरा आघात कुऱ्हाडीचा. १८४२ ते १८४४ या काळांत वॉलिक रजेवर असतां विल्यम ग्रिफिथ यांच्याकडे बागेचा कारभार होता. ग्रिफिथ बुद्धिमान शास्त्रज्ञ होते. झाडें शास्त्रीय वर्गवारीप्रमाणें ओळीनें असावींत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यापायीं अनेक जुने वृक्ष व सावलीचे रस्ते नाहींसे झाले. १८४८ सालीं येथें आलेले जोसेफ हुकर यांनीं या तोडीबद्दल आपल्या प्रवासवर्णनांत तीव्र नापसंती व्यक्त केली आहे. क्रम कागदावर मांडतां येतो. साठ वर्षांची सावली मात्र कागदावर मांडून उगवत नाहीं.

तिसरा आघात निसर्गाचा. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं झालेल्या चक्रीवादळांत बागेंतील निम्म्याहून अधिक झाडें उन्मळून पडलीं आणि नदीचें पाणी आंत शिरलें. त्यांतून वांचलेल्यांपैकीं शेंकडों झाडें १८६७ च्या वादळानें नेलीं. १८७१ सालीं जॉर्ज किंग आले तेव्हां त्यांच्यापुढें बाग नव्हती, बहुतांशीं मोकळें माळरान होतें. आजचा प्रवासी जें पाहतो तें मुख्यतः किंग यांचें काम आहे. त्यांनीं सखल, दलदलीच्या जागीं तळीं खणलीं, त्यांतून निघालेल्या मातीनें भोंवतालची जमीन उंच केली, तळीं एकमेकांस जोडलीं, वळणावळणाचे रस्ते आंखले आणि पृथ्वीच्या निरनिराळ्या खंडांतील झाडें निरनिराळ्या भागांत लावलीं. १८९० सालीं भारतीय वनस्पति-सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तिचे पहिले संचालकहि तेच. पुढें १९३७ सालीं कालिपद विश्वास हे बागेचे पहिले भारतीय अधीक्षक झाले, आणि १९६३ सालीं बाग या सर्वेक्षण-संस्थेच्या स्वाधीन झाली.

या तळ्यांत दक्षिण अमेरिकेंतील प्रचंड कमळ वाढविण्याची येथें जुनी प्रथा आहे. त्याचें पान परातीसारखें कांठ वळलेलें असतें, आणि खालच्या बाजूस शिरांची अशी जाळी असते कीं तिच्या जोरावर तें मोठें ओझें तोलून धरतें. फूल पहिल्या रात्रीं पांढरें व दुसऱ्या रात्रीं गुलाबी होतें. कृष्णवड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या प्रत्येक पानाच्या देठाशीं एक द्रोण असतो. बाळकृष्णानें लोणी लपविण्यासाठीं पानें दुमडलीं, अशी लोककथा त्यावर रचली गेली आहे. सेशेल्स बेटांवरील जोडनारळाचें बीज वनस्पतिसृष्टींत सर्वांत मोठें. त्याचें १८९४ सालीं येथें लावलेलें झाड मादी निघालें. जवळपास नर झाड नसल्यामुळें शंभरावर वर्षें लोटल्यावर बाहेरून परागकण आणून तें फळवावें लागलें. एका झाडाच्या एका फळासाठीं वनस्पतिशास्त्रज्ञांच्या किती पिढ्या खर्चीं पडतात, याचें हें उदाहरण आहे.

आतां त्या वडाकडे वळण्यास हरकत नाहीं. हुकर यांनीं बागेच्या अधिकाऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवलें आहे कीं, १७८२ सालीं त्या जागीं एक शिंदीचें झाड होतें व त्याच्याखालीं एक फकीर बसत असे. त्या शिंदीच्या शेंड्यांत पडलेल्या बीजांतून हा वड उगवला. वडाची रीतच अशी आहे. पक्ष्यानें टाकलेलें बीज दुसऱ्या झाडावर रुजतें, त्याचीं मुळें खालीं उतरतात आणि आश्रय देणारें झाड हळूहळू नाहींसें होतें. पुढें फांद्यांपासून पारंब्या सुटतात. पारंबी हवेंत लोंबते तोंवर ती बोटाएवढीच असते. एकदां ती जमिनीस टेंकली कीं माती धरते, जाड होऊं लागते आणि खोडाचें काम करूं लागते. मग ती फांदी पाण्यासाठीं मूळ बुंध्यावर अवलंबून राहत नाहीं.

१८६४ व १८६७ च्या वादळांत या वडाच्या मोठ्या फांद्या मोडल्या. उघड्या पडलेल्या लांकडांत बुरशी शिरली, आणि पन्नासएक फूट घेराचा मूळ बुंधा आंतून कुजत गेला. अखेर १९२५ सालीं तो काढून टाकावा लागला. आज त्या जागीं केवळ खूण आहे. पण वड साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभा असून त्यानें साडेचार एकरांहून अधिक जमीन व्यापली आहे. त्याची मर्यादा म्हणून भोंवतीं सुमारें ३३० मीटर लांबीचा रस्ता केला होता. वड तो केव्हांच ओलांडून पलीकडे गेला. मध्यभाग जसा विरळ होतो तसा तो कडेनें पुढें सरकतो.

हें आपोआप घडतें असा पाहणाराचा समज होतो. तो पूर्णपणें खरा नाहीं. कोंवळी पारंबी गुरांनीं, माणसांनीं वा वाऱ्यानें तुटूं नये म्हणून तिच्याभोंवतीं मातीनें भरलेली बांबूची नळी बांधून तिला जमिनीपर्यंत आणावें लागतें. कोणती पारंबी उतरूं द्यावयाची आणि कोणती छाटावयाची, कोणत्या फांदीला तोवर टेंकू द्यावयाचा, हें माळ्यांनीं दरवर्षीं पाहिलें नसतें तर बुंधा गेल्यावर वडहि फार दिवस राहिला नसता. त्या चित्रकारांप्रमाणेंच या माळ्यांचींहि नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.

२० मे १९६४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २० मे २०२० रोजीं ‘अंफान’ चक्रीवादळानें बागेंतील शेंकडों झाडें पुन्हां पाडलीं आणि वडाच्याहि कित्येक पारंब्या मोडल्या. परंतु १८६४ च्या आणि या वेळच्या स्थितींत एक फरक होता. बागेशेजारच्या राष्ट्रीय वनस्पति-संग्रहालयांत आज सुमारें वीस लाख वाळविलेले नमुने आहेत. रॉक्सबर्ग यांचीं चित्रें आहेत. कोणत्या जागीं कोणतें झाड होतें याच्या नोंदी आहेत. झाड पडलें तरी तें काय होतें हें ठाऊक असतें, आणि ठाऊक असलेलें झाड पुन्हां शोधून आणतां येतें. वॉलिक यांनीं नेलेल्या संग्रहाची हानि किती मोठी होती, हें यावरून उमजावें.

शिवपूरला जाणाऱ्यानें नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत, सकाळच्या वेळीं जावें. सारी बाग एका दिवसांत पाहण्याचा हव्यास धरूं नये. मुलें बरोबर असतील तर त्यांना दहा झाडांवरच्या पाट्या वाचावयास सांगाव्या, आणि त्यांतील कोणतें झाड आपल्या गांवीं आहे हें ओळखावयास लावावें. वडाशीं पोंचल्यावर त्याच्या मधल्या रिकाम्या जागेपाशीं क्षणभर थांबावें, आणि नंतर कडेकडेनें जाऊन बांबूच्या नळींतून खालीं उतरणारी एखादी कोंवळी पारंबी शोधावी. वडाचें पुढचें शतक तिच्यांत आहे.